तांब्याच्या बाईचे फोटो

रेडिओ जवळ घ्या, आणि हातातलं काम चालूच राहू द्या. डाळ निवडायची असेल, गोधडीला टाके घालायचे असतील, काहीही. ऐकायला कान पुरेसे आहेत. आज आम्ही फोटोंबद्दल बोलणार आहोत.

झालं असं, की गटांच्या वार्षिक फाइलला लावायला आम्ही गावोगावचे फोटो गोळा करत होतो. काही जणींनी हौसेने घरातले जुने फोटोही आणले. सासऱ्यांचे वडील, आजेसासू, कुणाचं तरी लग्न. एका गटातल्या मावशींनी विचारलं, “काय गं, या जुन्या फोटोतली माणसं अशी दांडा गिळल्यासारखी का बसलेली असतात? हसत का नाहीत?” प्रश्न साधा आहे. पण त्याच्या उत्तरामागे जात जात आम्ही पार पॅरिसला आणि न्यूयॉर्कला पोचलो, आणि एका पुतळ्यापाशी थांबलो. तेच आज सांगायचं आहे.

आधी मावशींच्या प्रश्नाचं उत्तर. फोटोची कला जगापुढे आली १८३९ साली, पॅरिस शहरात. दागेर नावाच्या माणसाने तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा देऊन, त्याला आयोडिनची वाफ देऊन, त्यावर चित्र उमटवून दाखवलं. आज आपण मोबाइलवर बोट टेकवतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत फोटो निघतो. तेव्हा तसं नव्हतं. कॅमेऱ्याचं तोंड कित्येक मिनिटं उघडं ठेवावं लागे. तेवढ्या वेळात जे हललं ते पुसट झालं, आणि जे चालून गेलं ते उमटलंच नाही.

याच दागेरने १८३८ साली उंच खिडकीतून पॅरिसमधल्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो घेतला होता. रस्ता गजबजलेला, घोडागाड्यांचा, माणसांचा. फोटोत मात्र सगळं ओस. घरं आहेत, झाडं आहेत, दिव्याचे खांब आहेत, माणूस नाही. नीट पाहिलं तर खाली कोपऱ्यात एक जण दिसतो. एक पाय वर ठेवून तो बूट पुसून घेतोय, आणि त्याच्या पायाशी बूट पुसणारा, तोही अस्पष्ट. जो उभा राहून सेवा घेत होता तो नीट आला. ज्याचे हात चालत होते तो पुसट आला. आणि जे कामाला निघाले होते ते आलेच नाहीत. हा फोटो आम्ही मोबाइलवर मोठा करून पाहिला तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, “म्हणजे आपण त्या रस्त्यावर असतो तर दिसलोच नसतो. आपण कुठं थांबतो?”

मग त्या काळच्या लोकांनी फोटो काढायचे तरी कशाचे? इमारतींचे, डोंगरांचे, आणि पुतळ्यांचे. पुतळा बिचारा हलत नाही, शिंकत नाही, “झालं का हो?” असं विचारत नाही. दागेरच्या अगदी सुरुवातीच्या, १८३७ सालच्या चित्रातही प्लास्टरचे छोटे पुतळेच मांडलेले आहेत. इंग्लंडमध्ये टॅल्बट नावाच्या गृहस्थांनी कागदावर फोटो काढायची वेगळी रीत शोधली. त्यांच्याकडे पॅट्रोक्लस नावाच्या ग्रीक वीराचा एक पांढरा अर्धपुतळा होता. त्याचे त्यांनी पुन्हा पुन्हा फोटो काढले. पांढऱ्या वस्तूवरून उजेड जास्त परततो, म्हणून फोटो लवकर निघे. आणि पुतळा जरा फिरवला, उन्हाची बाजू बदलली, की तोच चेहरा वेगळा दिसे. पुतळा म्हणजे कॅमेऱ्याच्या शाळेतला पहिला गुणी विद्यार्थी म्हणायचा.

हे झालं घरातल्या पुतळ्यांचं. याच टॅल्बटनी १८४४ साली लंडनच्या ट्रफाल्गर चौकात एक फोटो काढला. तिथे नेल्सन नावाच्या आरमारी सेनापतीचं स्मारक बांधायचं काम चालू होतं. प्रचंड उंच खांब आणि त्यावर सेनापतीचा पुतळा. आता फोटो काढणारा काय करील? पुतळा नीट दिसेल असा बघेल. टॅल्बटच्या फोटोत पुतळा नाहीच! खांबाचा वरचा भाग फोटोच्या बाहेर गेला आहे. दिसतो तो अर्धवट चौथरा, भोवतीचं लाकडी कुंपण, आणि त्या कुंपणावर डकवलेल्या जाहिराती. आज त्या चौथऱ्याभोवती चार मोठे सिंह आहेत, ते १८६७ साली बसवले, म्हणून या फोटोत तेही नाहीत. आम्हाला हा फोटो फार आवडला. स्मारक पुरं झालं, कुंपण निघालं, की ते जणू पहिल्यापासून तिथेच होतं असं वाटायला लागतं. कुणीतरी ते बांधलं, त्याला वेळ लागला, मध्ये कामं रखडली, हे सगळं विसरलं जातं. अर्ध्या कामाचा फोटो ते विसरू देत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या बंदरात एक बाई उभी आहे. हातात मशाल, डोक्यावर किरणांचा मुकुट. टीव्हीवर तुम्ही पाहिली असेल. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. ही तांब्याची बाई फ्रान्सच्या लोकांनी अमेरिकेच्या लोकांना दिलेली भेट. घडवणाऱ्याचं नाव बार्तोल्दी. हा बार्तोल्दी तरुणपणी, १८५५ आणि १८५६ साली, इजिप्तला गेला होता, आणि तिथे त्याने स्वतः कॅमेरा घेऊन प्राचीन वास्तूंचे शंभरावर फोटो काढले. डोंगराएवढे दगडी पुतळे त्याने पाहिले आणि त्याच्या मनात भव्य पुतळ्यांचं वेड शिरलं.

पुढे सुएझचा कालवा झाला तेव्हा त्याने इजिप्तच्या राजाला एक कल्पना सुचवली. कालव्याच्या तोंडाशी एक दीपस्तंभ उभारू, आणि तो असेल एका शेतकरी बाईच्या रूपात, डोक्यावरून पदर, हात उंचावून दिवा धरलेला. चित्रं काढली, लहान नमुने केले. पण राजाकडे त्यासाठी पैसे नव्हते, आणि ती शेतकरी बाई कागदावरच राहिली. काही वर्षांनी न्यूयॉर्कसाठी दिवा धरलेली बाई तयार झाली. पहिलीचा आणि दुसरीचा काही संबंध नाही असं बार्तोल्दी नंतर सांगत असे. दोघींची चित्रं शेजारी ठेवून बघा आणि तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही तर ठरवून टाकलं आहे.

ही बाई घडली पॅरिसमधल्या एका कारखान्यात, आणि ती घडत असताना आल्बेर फेर्निक नावाच्या फोटोग्राफरने तिचे फोटो काढले. १८८२-८३ च्या सुमाराचे हे फोटो. आजचं सगळं बोलणं खरं तर या फोटोंसाठीच आहे.

पुतळा घडवायची रीत अशी होती. आधी माणसाएवढाही नाही असा लहान नमुना. मग त्याचा मोठा, मग त्याहून मोठा, अकरा मीटर उंचीचा. मग त्या मोठ्या नमुन्याचे तुकडे मापून प्रत्येक तुकडा चौपट करायचा. त्या मापाचं लाकडी पट्ट्यांचं आणि प्लास्टरचं रूप उभारायचं, त्याच्या अंगाला घट्ट बसतील असे लाकडी साचे सुतारांनी करायचे, आणि त्या साच्यात तांब्याचा पत्रा हातोड्याने ठोकून ठोकून बसवायचा. पत्र्याची जाडी अडीच मिलिमीटरच्या आतच. आपले तांबट हंडा-घागर ठोकून घडवतात, कामाची जात तीच. फक्त इथे घागरीच्या जागी नाक, कान, पदराची चुणी. आतला लोखंडी सांगाडा केला गुस्ताव्ह आयफेल या इंजिनिअरने. पुढे पॅरिसचा मनोरा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, तेच हे.

फेर्निकच्या एका फोटोत पुतळ्याचा डावा हात दिसतो, पाटी धरणारा. अजून तांब्याचा नाही, पट्ट्या आणि प्लास्टरचा. त्याच्या बाजूला, परांच्यांवर, खाली जमिनीवर कारागीर उभे आहेत. मागे पुतळ्याचं मोठं डोकं आहे. या बाईच्या हाताचं एक बोट जवळजवळ अडीच मीटर लांब आहे, म्हणजे आपल्या घराच्या दारापेक्षा उंच. नख भाकरीच्या तव्याएवढं. हे आकडे सांगून डोक्यात बसत नाहीत. पण त्या हाताशेजारी टोपी घातलेला एक माणूस उभा दिसला, की लगेच बसतात. फोटोग्राफरला मापासाठी माणूस हवा होता, असं म्हणता येईल. तरी त्यामुळे त्या माणसाचा चेहरा राहिला.

आणि इथे ती बूट पुसणाऱ्याची गोष्ट आठवा. १८८२ पर्यंत कॅमेरा बराच सुधारला होता, मिनिटांचं काम सेकंदांवर आलं होतं. तरीही कारखान्यातल्या अंधुक उजेडात कारागिरांना हातातलं काम थांबवून उभं राहावं लागलं. कुणीतरी त्यांना “थांबा, इकडे बघा” म्हणालं. म्हणून ते दिसतात. हातोडा हातात तसाच, नजर कॅमेऱ्याकडे. त्यांची नावं मात्र फोटोवर नाहीत. बार्तोल्दीचं नाव साऱ्या जगाला ठाऊक, आयफेलचं ठाऊक, फोटो काढणाऱ्या फेर्निकचंही सापडतं.

फोटोंचा उपयोग काय झाला? पैसे जमवायला झाला, आणि हे आपल्या कामाचं आहे. पुतळ्याचा खर्च फ्रान्सच्या लोकांनी करायचा आणि खालच्या चौथऱ्याचा अमेरिकेच्या लोकांनी, असं ठरलं होतं. पैसा दोन्हीकडे अडत होता. मग बार्तोल्दीने पुतळ्याचे तुकडेच लोकांसमोर नेले. मशाल धरलेला हात १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात ठेवला. पन्नास सेंट देऊन लोक आतल्या शिडीने मशालीच्या सज्जात चढत. डोकं १८७८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ठेवलं. त्या हाताचे फोटो निघाले आणि घरोघर गेले. हिरवळीवर नुसता एक हात उगवलेला, वर सज्जात उभी माणसं. पाहिलेल्या माणसाच्या मनात येणारच, की हात आला तर बाकीची बाई कधी येणार? आपण मसाल्याच्या गिरणीसाठी वर्गणी मागतो तेव्हा नुसतं “गिरणी घेणार आहोत” म्हटलं तर लोक मान हलवतात. जोत्याचा फोटो दाखवला की हात खिशाकडे जातो.

तरीही चौथऱ्याचे पैसे कमीच पडले. तेव्हा १८८५ साली पुलित्झर नावाच्या वर्तमानपत्रवाल्याने आपल्या पेपरातून लोकांना हाक दिली. जो काही देईल, कितीही कमी देईल, त्याचं नाव पेपरात छापू. पाच महिन्यांत एक लाख डॉलर जमले. देणारे एक लाखाहून जास्त लोक, आणि त्यातल्या बहुतेकांनी एक डॉलरपेक्षाही कमी दिला होता. मुलांनी खाऊचे पैसे पाठवले. मैत्रिणींनो, आपला गट दर महिन्याला शंभर-शंभर रुपयांवर उभा आहे, तेव्हा या हिशोबाची ताकद तुम्हाला आम्ही वेगळी सांगायला नको. आणि नाव छापण्याचीही. आपल्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे आकडा असतो, म्हणून ती वही आपली असते.

१८८५ च्या जूनमध्ये पुतळा २१४ खोक्यांत भरून जहाजाने न्यूयॉर्कला आला. चौथरा पुरा झाल्यावर तुकडे जोडून उभा केला. एक गंमत सांगतो. तेव्हाचे फोटो काळे-पांढरे, त्यामुळे त्यांत पुतळ्याचा रंग कळत नाही. आज तो हिरवा दिसतो. पण उभा राहिला तेव्हा तो घासलेल्या घागरीसारखा तांबूस होता. समुद्राच्या हवेने वीसेक वर्षांत हिरवा झाला. चिंच-मीठ लावून घासणार तरी कोण, एवढ्या उंचीवर? तो हिरवा थर खालच्या तांब्याला जपतो असं कळल्यावर तो तसाच ठेवला.

या सगळ्या वर्षांत आपल्याकडची एक मुलगी तिथेच होती. कल्याणची आनंदीबाई जोशी. अठराव्या वर्षी, १८८३ साली, ती बोटीने अमेरिकेला गेली, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकली, आणि ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाईही गेल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कच्या बंदरातून परत निघाल्या, तेव्हा ही तांब्याची बाई बेटावर जवळजवळ उभी झाली होती.

पुतळ्याचं उद्घाटन झालं २८ ऑक्टोबर १८८६ ला. पाऊस आणि धुकं होतं. त्या दिवसाच्या फोटोंत जहाजांच्या डोलकाठ्या आणि धूरच जास्त. बेटावर राष्ट्राध्यक्ष, पाहुणे, मोठी मोठी माणसं. आणि बायका? बार्तोल्दीची पत्नी आणि एका पाहुण्यांच्या घरची लहान मुलगी, बस्स. बाकी बायकांना बेटावर यायला मनाई. कारण काय दिलं, तर गर्दीत त्यांना इजा होईल! स्वातंत्र्य म्हणजे बाई, पण समारंभाला बायका नकोत. तिथल्या बायकांना तेव्हा मतदानाचा हक्क नव्हता. मताधिकारासाठी झगडणाऱ्या न्यूयॉर्कच्या बायकांनी मग स्वतः वर्गणी करून एक बोट भाड्याने घेतली, जाता येईल तितकी बेटाजवळ नेली, आणि बोटीवरून भाषणं केली. स्वातंत्र्याला बाईचं रूप दिलं हे चांगलंच केलं, आता खऱ्या बायकांना मत द्या, असं त्या म्हणाल्या. हे आपल्याला कळतं ते कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून. त्या राज्यात बायकांना मत मिळालं १९१७ साली, आणि साऱ्या अमेरिकेत १९२० साली. तोवर ही बाई बेटावर तीसेक वर्षं मशाल धरून उभी होती.

आनंदीबाईंचा एक फोटो आहे, १८८५ चा. तीन मैत्रिणी बसल्या आहेत, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. मध्ये जपानच्या केई ओकामी, एका बाजूला सीरियाच्या साबात इस्लांबुली, आणि साडीत आनंदीबाई. तिघीही त्या पुतळ्यांसारख्याच स्तब्ध. पण फोटोच्या खाली प्रत्येकीचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. म्हणून आज शाळेतली मुलगीही बोट ठेवून सांगू शकते, ही आपली.

आता आमच्या फाइलकडे येतो. गोळा केलेले फोटो मांडले तेव्हा काय दिसलं? फीत कापताना पाहुणे. नारळ फोडताना पाहुणे. शाल देताना पाहुणे. एका ठिकाणच्या शेडच्या उद्घाटनाच्या फोटोत बारा माणसं आहेत, आणि ज्या दहा जणींनी कर्ज काढून, विटा वाहून ती शेड उभी केली त्यांतली एकच दिसते, तीही पाण्याचे ग्लास घेऊन जाताना, अर्धी हललेली. पॅरिसच्या त्या रस्त्यासारखी. मोबाइलला आता मिनिटं लागत नाहीत, सेकंदही लागत नाही. म्हणजे दोष कॅमेऱ्याकडे नाही.

म्हणून आमच्या संघाने तीन-चार गोष्टी ठरवल्या आहेत. काम अर्धं असतानाच फोटो काढायचा. जोतं भरताना, पापड लाटताना, यंत्र उतरवताना. फोटोत निदान एक बाई यंत्राशेजारी उभी असावी, म्हणजे मापही कळेल आणि तीही राहील. जिचा फोटो काढायचा तिला आधी विचारायचं. नको म्हणाली तर नको. फोटो काढणारी फोटोत येत नाही, म्हणून तिचं नाव वेगळं लिहायचं. मोबाइल पाण्यात पडतात, पोरं फोटो पुसून टाकतात, तेव्हा वर्षातले दहा चांगले फोटो निवडून तालुक्याच्या ठिकाणी छापून घ्यायचे. त्यासाठी गटाच्या खात्यातून पैसे घ्यायला ठराव लिहावा लागेल, तो पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत घ्या.

आणि मागच्या बाजूला नावं. डावीकडून उजवीकडे, पूर्ण नाव, माहेरचं सांगायचं असेल तर तेही, गाव, तारीख, काय चाललं होतं ते. बॉलपेन दाबून लिहू नका, पुढे उमटतं. मऊ पेन्सिल घ्या. कागद गुळगुळीत असेल आणि पेन्सिल धरत नसेल, तर फोटोला नंबर द्या आणि त्या नंबरापुढे वहीत नावं लिहा. जुन्या फोटोंचंही आत्ताच करून घ्या, ओळखणाऱ्या आज्या-मावश्या आहेत तोवर. ज्या मावशींनी प्रश्न विचारला होता, त्यांच्याकडच्या लग्नाच्या फोटोत सोळा बायका आहेत. आतापर्यंत अकरा जणींची नावं लागली. उरलेल्या पाच जणींसाठी त्या येत्या बाजारच्या दिवशी फोटो घेऊन आपल्या माहेरी जाणार आहेत.

पुढच्या बुधवारी याच वेळेला भेटू. नमस्कार.